तळहातावर चोळलेला ओवा: गुण कुठून येतो आणि कुठवर पोचतो

सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा या पट्ट्यात थंडी पडली की ज्वारीचा हुरडा भाजला जातो. हुरडा, शेंगांची चटणी, गूळ, दही असे सगळे गळ्याशी येईपर्यंत खाऊन झाल्यावर शेतावरचे कोणीतरी जाणते माणूस ओव्याची डबी पुढे करते. हा ओवा घेण्याची एक ठरलेली रीत आहे. चिमूटभर दाणे तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ते दाबून चोळायचे, फुंकर मारून फोल उडवायचे आणि मिठाच्या कणाबरोबर तोंडात टाकून सावकाश चावायचे. चोळल्यावर वासाचा जो भपकारा येतो, तोच ओव्याचा औषधी भाग आहे आणि ओव्याच्या बहुतेक सगळ्या पारंपरिक उपयोगांचा उलगडा त्या वासापाशीच होतो.

सोलापुरात या दाण्याला एकच नाव नाही. मराठी घरात तो ओवा, कन्नड बोलणाऱ्या घरात ओम, पूर्व भागातल्या तेलुगू घरांत वामु आणि दख्खनी बोलणाऱ्या घरांत अजवाइन असतो. मात्र पोट धरून बसलेल्या माणसाला चारही घरांत तो सारख्याच रीतीने दिला जातो. त्याचे शास्त्रीय नाव ट्रॅकिस्पर्मम अम्मी असे आहे. ट्रॅकिस्पर्मम म्हणजे खरखरीत बी, आणि बोटांनी चाचपल्यास हे नाव योग्य असल्याचे लगेच कळते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र आपण ज्याला बी म्हणतो ते ओव्याचे वाळलेले फळ आहे. धने, जिरे, बडीशेप आणि शेपू ही त्याची सख्खी भावंडे, म्हणजे मसाल्याच्या डब्यातला बराचसा गोतावळा एकाच कुळातला आहे. या कुळातल्या फळांवर उभ्या धारा असतात, आणि त्या धारांच्या मधल्या खाचांमध्ये, सालीच्या अगदी खाली, तेलाच्या बारीक नळ्या असतात. अंगठ्याने दाब दिला की या नळ्या फुटतात. सबंध दाणे पाण्याबरोबर गिळणारा माणूस त्या नळ्या बहुतांशी बंदच ठेवून ओवा पोटात ढकलतो, म्हणून चोळण्याची आणि चावण्याची जुनी रीत मला नुसती सवय वाटत नाही, ती औषध तयार करण्याची कृतीच आहे.

ओव्यात हे उडून जाणारे तेल साधारणपणे वजनाच्या दोन ते चार टक्के असते. त्या तेलाचा निम्म्याच्या आसपासचा भाग थायमॉल नावाच्या एकाच द्रव्याचा असतो. हे प्रमाण वाणाप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे कमीजास्त होते. थायमॉल प्रथम ओव्यापासून मिळाले नाही. युरोपात थाइम नावाची एक सुगंधी वनस्पती मसाल्यात वापरतात. 1719 साली बर्लिनमधले औषधकार कास्पार नॉयमन यांनी तिच्या तेलातून हे द्रव्य वेगळे केले आणि पुढे त्या वनस्पतीवरूनच त्याला नाव मिळाले. ओव्याचे तेल थंडीत स्थिर ठेवले तर त्यातूनही थायमॉलचे पांढरे स्फटिक वेगळे होतात. काष्ठौषधींच्या दुकानात ‘ओव्याचे फूल’ म्हणून जे मिळते ते हेच स्फटिक. त्याचा झाडाच्या फुलाशी काही संबंध नाही. पेपरमिंटच्या फुलासारखाच (म्हणजे मेंथॉलसारखाच) इथेही फूल हा शब्द स्फटिकासाठी वापरला जातो.

थायमॉल पाण्यात फार कमी विरघळते, लिटरभर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम. तेलातुपात आणि मद्यार्कात ते सहज विरघळते. पिठल्याच्या किंवा घेवड्याच्या भाजीच्या फोडणीत ओवा आधी तेलात टाकला की त्याचा स्वाद सगळ्या भाजीभर पसरतो, याचे कारण हेच. काढ्याच्या बाबतीत मात्र याच गुणधर्मामुळे घोटाळा होतो. शुद्ध थायमॉल उकळायला 230 अंशांच्या वर तापमान लागते, पण पाण्याबरोबर उकळले की पाण्याची वाफ त्याला 100 अंशांच्या आतच आपल्याबरोबर घेऊन जाते, कारण एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन पदार्थांच्या वाफेचे दाब बेरीज होऊन काम करतात. अर्क काढण्याची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. भांडे उघडे ठेवून पाणी निम्मे होईपर्यंत ओवा उकळला, तर घरभर सुंदर वास सुटतो आणि काढ्यात उरते ते मुख्यतः तपकिरी पाणी. ज्याला वास घ्यायचा आहे त्याने भांडे उघडे ठेवावे. ज्याला काढा प्यायचा आहे त्याने ओवा जरा ठेचावा, उकळत्या पाण्यात टाकून आच बंद करावी, झाकण ठेवावे आणि दहा मिनिटांनी झाकणाच्या आतले थेंब भांड्यात झटकून तो प्यावा. जुना, हवेत उघडा राहिलेला ओवाही असाच वास गमावून बसतो. चोळून वास येत नसेल तर तो ओवा स्वयंपाकातही फारसा उपयोगी नाही, औषधात तर नाहीच.

आता थोडा हिशेब करू, कारण पारंपरिक औषधांविषयीचे बहुतेक वाद हिशेब न केल्यामुळे होतात. चहाच्या लहान चमच्यात सुमारे दोन ग्रॅम ओवा मावतो. त्यात तेल तीन टक्के धरले तर ते 60 मिलिग्रॅम होते, आणि त्यातले निम्मे थायमॉल धरले तर एका चमच्यात साधारण 30 मिलिग्रॅम थायमॉल येते. हा आकडा लहान आहे की मोठा, हे तो कुठे वापरायचा यावर ठरते. लिस्टरीन या गुळण्या करण्याच्या औषधाच्या मूळ स्वरूपात थायमॉलचे प्रमाण 0.064 टक्के असते, म्हणजे एका वेळच्या 20 मिलिलिटर गुळणीत सुमारे 13 मिलिग्रॅम. अर्धा चमचा ओवा नीट चावला तर तोंडात जवळपास तेवढेच थायमॉल सुटू शकते. जेवणानंतर ओवा चघळल्याने तोंडाचा वास जातो, किडलेल्या दाताच्या ठणक्याला घटकाभर आराम पडतो, हे अनुभव त्यामुळे नवलाचे नाहीत. दाताची कीड मात्र त्याने थांबत नाही आणि दंतवैद्याकडे जाणे टळत नाही. ओवा खाल्ल्यावर जिभेला जी ऊब आणि किंचित चुरचुर जाणवते, तीही थायमॉलचीच करामत आहे. ऊब ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरचे ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारे रेणू (रिसेप्टर), ते चाळवते, म्हणून तापमान तेच असूनही आपल्याला ‘गरम’ वाटते.

जंतांचा हिशेब याच्या अगदी उलट लागतो. ओव्याने जंत पडतात, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. 1880 च्या सुमारास इटलीतील डॉक्टर कामिल्लो बोत्सोलो यांनी अंकुशकृमींवर, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंतांवर, थायमॉल वापरले. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात याच कृमींच्या निर्मूलनासाठी 1909 साली स्थापन झालेल्या रॉकफेलर सॅनिटरी कमिशनच्या मोहिमेत थायमॉल हेच मुख्य औषध होते. ते ज्या ओव्यापासून मिळत असे तो बव्हंशी हिंदुस्थानातून जाई. पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा जर्मनीत जाऊन तिथे त्याचे थायमॉल बनत असे, आणि युद्धाने ती वाट बंद केल्यावर इथेच ते काढण्याचे प्रयत्न झाले. आज बाजारात असलेले बहुतेक थायमॉल कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होते. पण त्या मोहिमेत प्रौढ माणसाला दिली जाणारी मात्रा सुमारे चार ग्रॅम थायमॉलची होती. आपल्या हिशेबाने चार ग्रॅमसाठी सव्वाशेहून अधिक चमचे, म्हणजे पाव किलोपेक्षा जास्त ओवा एका दिवसात पोटात जायला हवा. शिवाय तेवढे थायमॉल खुद्द माणसालाच विषारी ठरू शकत असे, म्हणून आधी आणि नंतर जुलाब देत, आणि थायमॉल रक्तात शोषले जाऊ नये यासाठी त्या दिवशी तेल, तूप आणि दारू वर्ज्य करत. पुढे अधिक सुरक्षित औषधे मिळाल्यावर थायमॉल मागे पडले. मुलाला जंत झाले असतील तर आरोग्य केंद्रात मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी द्यावी. चमचाभर ओव्याने जंत मरतील अशी अपेक्षा धरणे म्हणजे ओव्यावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकणे आहे.

पोटाचे काय, हा खरा प्रश्न आहे, कारण ओव्याची कीर्ती मुख्यतः पोटाच्या तक्रारींवर उभी आहे. हरभरा, पावटा, हुलगा अशा कडधान्यांत काही अशा शर्करा असतात की ज्या पचवणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. ओवा या शर्करांना हात लावत नाही, त्यामुळे ‘ओव्याने गॅस होतच नाही’ हे म्हणणे ढोबळ आहे. वायू अडकला की आतड्याचे स्नायू आवळतात आणि कळ येते. ओव्याचा गुण दिसतो तो या आवळण्यावर. कराचीच्या आगा खान विद्यापीठातील संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सशाच्या आतड्याचा तुकडा ओव्याच्या अर्कात ठेवल्यावर त्याचे आकुंचन कमी झाले, आणि स्नायूपेशींमध्ये कॅल्शियमला मिळणारी वाट अडल्यामुळे हे घडते असे त्यांना दिसले. प्रयोगशाळेतला आतड्याचा तुकडा म्हणजे जेवून उठलेला माणूस नव्हे, हे खरेच. तरीही अनुभव आणि प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर पोटाच्या साध्या कळीसाठी अर्धा चमचा ओवा आणि सैंधव घेऊन पाहण्यात मला काही गैर वाटत नाही. लिंबाच्या रसात भिजवून, सैंधव लावून, सावलीत वाळवलेला ओवा बरणीत भरून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. आंबट, खारट आणि तिखट चवीने तोंडाला पाणी सुटते, हाही पचनाला थोडा हातभारच.

मात्र पोटात दुखते म्हणून सरसकट ओवा देऊ नये. दुखणे बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे खाली सरकले, पोट लाकडासारखे कडक झाले, ताप किंवा सारख्या उलट्या होऊ लागल्या, शौचातून रक्त पडले किंवा छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला, तर ओव्यात घालवलेला अर्धा तासही महाग पडू शकतो. हृदयविकाराच्या झटक्याला गॅस समजून ओवा चघळत बसलेली माणसे डॉक्टरांना नवीन नाहीत.

आयुर्वेदात ओव्याला यवानी म्हणतात. भावप्रकाश निघंटूत तिला अग्नी चेतवणारी, पचन करणारी, रुची आणणारी म्हटले आहे, आणि त्याच ओघात ती पित्त वाढवणारी असल्याचेही सांगितले आहे. घरगुती सांगण्यात यातला पहिला भाग टिकला आणि दुसरा गळून पडला, असे मला नेहमी वाटते. ज्याला छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येते, त्याला ओवा अनेकदा सोसत नाही. याचे एक संभाव्य कारण असे की स्नायू सैल करणारे द्रव्य अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपही सैल करू शकते; पुदिन्याच्या तेलाबाबत हे चांगले ठाऊक आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात, काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यानंतर जळजळत्या पोटावर पुन्हा ओव्याची फक्की मारणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. गरोदर स्त्रियांनी भाजीतला ओवा खाण्यास हरकत नसते, परंतु फक्की, अर्क किंवा तेल अशा औषधी प्रमाणात तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सर्दीमध्ये ओवा तव्यावर गरम करून, सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून हुंगतात आणि त्यानेच छाती शेकतात. ऊब, वास आणि माणसाला मिळणारी विश्रांती यांचा एकत्रित परिणाम म्हणून नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. ओव्याच्या काढ्याने दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिका काही काळ रुंदावल्याचे इराणमधील एका छोट्या अभ्यासात 2007 साली नोंदवले गेले. पण छोटा अभ्यास हा कुतूहल जागवण्यासाठी पुरेसा असतो, औषध बदलण्यासाठी नव्हे. दम्याचा इनहेलर बाजूला ठेवून पुरचुंडी हातात घेणे जिवावर बेतू शकते. तवा फार तापवू नये, हे वेगळे सांगायला नको, कारण ओवा करपला की तेल उडालेले असते.

ओव्याच्या फुलाचा सर्वांत गमतीदार उपयोग अमृतधारेत होतो. ओव्याचे फूल, पेपरमिंटचे फूल आणि कापूर हे तीन कोरडे पदार्थ एका बाटलीत घालून हलवले की थोड्या वेळात पाणी न घालताच त्यांचे द्रव बनते. लहानपणी ही जादू वाटे. स्फटिकातले रेणू शिस्तीत रचलेले असतात. दुसऱ्या जातीचे रेणू त्यांच्यात घुसले की ती रचना टिकवणे अवघड होते आणि मिश्रण एकेकट्या पदार्थापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला वितळते. कुल्फीवाला पिंपातल्या बर्फावर खडे मीठ टाकतो तेव्हा हेच घडते. ओव्याचे फूल सुमारे 50 अंशांना आणि पेपरमिंटचे सुमारे 43 अंशांना वितळते (आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात हे दुसरे फूल एकटेही पाघळू शकते), कापराला तर 175 अंशांच्या वर जावे लागते. तिघे एकत्र आले की साध्या खोलीच्या तापमानालाच द्रवरूप होतात. असे द्रव डोके दुखताना कपाळाला थेंबभर चोळण्यापुरते ठीक आहे. ते पिण्याविषयी मात्र माझे मत कडक आहे. या बाटलीत थायमॉल चमच्यातल्या ओव्यासारखे विरळ राहिलेले नसते आणि सोबतचा कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके आणू शकतो. तान्ह्या बाळाच्या नाकाशी कापूर किंवा पेपरमिंट नेल्यास श्वास अडखळण्याचा धोका असतो. ही बाटली मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवूच नये.

तान्ह्या बाळांबाबत आणखी दोन प्रथा आहेत. बाळ रडू लागले की त्याच्या पोटावर ओव्याची कोमट पुरचुंडी फिरवतात. ती आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली तर यात फारसे वावगे नाही. ओव्याचे पाणी चमच्याने पाजणे मात्र योग्य नाही, कारण पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दुसरी प्रथा बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी देण्याची आहे. निखाऱ्यावर पडलेल्या ओव्यातले थोडे तेल उडते आणि बाकीचा ओवा जळून धूर होतो, तोही दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत, जिथे कोळशाचा विषारी वायू साठतो. बाळंतिणीला ऊब द्यायची असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे. ओवा तिच्या भाकरीत, पिठल्यात आणि मुखशुद्धीत खुशाल असावा.

शेवटी नावांचा गोंधळ, कारण चूक झाली तर ती दुकानाच्या फळीपाशीच होते. सोलापुरात मधल्या मारुतीच्या बाजूला काष्ठौषधी घ्यायला गेल्यावर नुसता ‘ओवा द्या’ म्हटले तर जाणता दुकानदार ‘कुठला?’ असे विचारतो, आणि हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गॅलरीतल्या डब्यात वाढणारा, जाड लवदार पानांचा पानओवा, ज्याची भजी करतात, तो तुळशी-पुदिन्याच्या कुळातला आहे; त्याच्या पानांत थायमॉल आणि त्याचाच जुळा भाऊ शोभेल असा कार्व्हाक्रॉल असतो, दोघांत अणू तेवढेच आणि फक्त एका गटाची जागा वेगळी, म्हणून दोन परक्या कुळांतल्या वनस्पतींना सारखा वास येतो. हा निरुपद्रवी आहे. अजमोदा हे ओव्याच्याच कुळातले वेगळे फळ आहे आणि पाचक चूर्णांत दोघांची अदलाबदल होत असते. किरमाणी ओवा ही दवण्याच्या जातकुळीतली वनस्पती असून जंतांवरच्या सँटोनिन या जुन्या औषधासाठी ती ओळखली जाई. आणि खुरासानी ओवा हा तर धोतऱ्याच्या कुळातला आहे. त्यात हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही तीव्र द्रव्ये असतात. वैद्य तो शोधन करून, म्हणजे त्याचा विषारीपणा कमी करून, मोजक्या मात्रेत वापरतात, पण घरच्या ओव्यासारखा चमचाभर खाल्ल्यास तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, छाती धडधडते आणि माणूस बरळू लागतो. त्याच्या बिया चपट्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या असतात, त्यांच्यावर उभ्या धारा नसतात आणि चोळल्यावर ओव्याचा तो ओळखीचा भपकारा येत नाही. असे कोणी चुकून खाल्ले तर उलटी काढण्याच्या खटपटीत न पडता उरलेली पुडी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे, म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेले ते बघता येईल.